ठिपके-आलेख (प्राथमिक गणित)

ठिपके-आलेख : संख्यारेषेवर प्रत्येक नोंदीसाठी एक ठिपका किंवा फुली मांडून माहिती दाखवण्याची रीत. सारख्या संख्येच्या नोंदी एकावर एक येतात. बिंदू जोडून काढलेल्या रेषालेखाहून हा आलेख वेगळा. अमेरिकेच्या २०१० च्या सामाईक शालेय मानकांत तो दुसरी ते पाचवीच्या मापनात येतो. बालभारतीच्या पुस्तकांतील चित्रालेख (पाचवी), स्तंभालेख (सहावी) आणि ताळ्याच्या खुणा व वारंवारता सारणी (सातवी) यांच्याशी त्याचे जवळचे नाते आहे.

काढणे : परभणी जिल्ह्यातील शाळांना खरिपाच्या काढणीत सोयाबीनच्या शेंगा सहज मिळतात. मुलांनी प्रत्येक शेंग सोलून दाणे मोजावेत. रेषेवर १ ते ४ अंक समान अंतरावर लिहून प्रत्येक शेंगेमागे एक फुली मारावी. फुल्या एकाच आकाराच्या हव्यात. एखाद्या अंकावर फुली नसली तरी तो गाळू नये. समजा, २० शेंगांपैकी एक दाण्याच्या २, दोन दाण्यांच्या ७, तीन दाण्यांच्या १० आणि चार दाण्यांची १ शेंग निघाली, तर ३ वरची रास सर्वांत उंच दिसेल.

वाचणे : येथे दोन वेगळ्या मोजण्या असतात. खालचा अंक शेंगेतील दाणे सांगतो, राशीची उंची शेंगांची संख्या सांगते. ‘एका शेंगेत जास्तीत जास्त दाणे किती?’ याचे उत्तर ४; ‘सर्वाधिक शेंगा किती दाण्यांच्या?’ याचे ३. मुलांचा गोंधळ बहुधा इथेच होतो. एकूण दाणे काढताना २० फुल्या मोजून भागत नाही. अंक व फुल्या यांचे गुणाकार मिळवावे लागतात. येथे एकूण दाणे ५० होतात, म्हणून सरासरी २.५. जेएस ३३५ आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचे एमएयूएस ७१ अशा सोयाबीनच्या दोन वाणांचे आलेख एकाखाली एक काढले, तर तुलनाही करता येते. मात्र दोन्हींत शेंगा तितक्याच घ्याव्यात.

मर्यादा : नोंदी फार असल्यास फुल्यांची गर्दी होते. नावानुसार तुलना हवी असल्यासही ही रीत चालत नाही. जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांपैकी जिंतूरला अधिक पाऊस झाला की पाथरीला, हे स्तंभालेख सांगतो. बहुतेक तालुक्यांचा पाऊस कोणत्या आकड्याच्या आसपास आहे, हे पाहायचे असेल तर मिलिमीटरचे आकडे जवळच्या दशकात आणून ठिपके मांडावेत.