बुडीत खात्यातली बाटली

आमच्या घरात दारूचा प्रवेश आजवर फक्त वर्तमानपत्रातून झालेला. त्यामुळे निफाडचा मावसभाऊ वाशीमला आला आणि त्याने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली बाटली काढली, तेव्हा सौ.ने आधी खिडकी लावली.

"वाइन आहे मावशी," दादा म्हणाला. "माझ्याच मळ्यातल्या द्राक्षांची."

"आपल्या वाशीमात असलं कधी नव्हतं बाप्पा!" आई म्हणाली.

मी बँकेतला कारकून. जुनी खाती उकरायची मला खोडच. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली इथेच दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. याच शाखेतल्या हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची बरीच लेणी झाली. सोळावे तर त्याच्या प्रधानाने, वराहदेवाने करवले. आणि पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी पेहरावातले पाहुणे हातात पेले घेऊन बसलेले आहेत. त्या पेल्यांत ताक असावे, असे म्हणणारा इतिहासकार मला अजून भेटायचा आहे.

"ते अजिंठ्याला," आईने निकाल दिला.

मग मी तिच्याच कपाटातून द्राक्षासव काढले. द्राक्षे, गोडवा, धायटीची फुले, बंद भांड्यात आंबवणे. मद्यार्क आपोआप तयार होतो आणि तसे बाटलीवर छापलेलेही असते. आई ते वर्षानुवर्षे घेते. दोन चमचे, समभाग पाण्यातून.

"ते औषध हाये," आई म्हणाली. फरक फक्त चमच्याचा होता. पण मी वाद वाढवला नाही.

कशाबरोबर काय प्यावे, हे दादाने समजावले. पांढरी शेनिन ब्लां जराशी गोडसर असली की मसालेदार जेवणाला चालते. लाल शिराझ मटणाला. आमच्याकडे त्या दिवशी पाटोडीचा रस्सा, भाकरी आणि ठेचा.

"ठेच्याला काय?" सौ.ने विचारले.

"ठेच्याला पाणी," दादा म्हणाला.

आपल्याकडचा वाइनचा हा पसारा तसा कालपरवाचा. १९८०च्या दशकात नारायणगावी चौगुल्यांनी शॅम्पेनच्या पद्धतीची फेसाळ वाइन काढून थेट परदेशी पाठवली. पुढे राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकला आले, घरच्या जमिनीत वाइनची द्राक्षे लावली; २००० साली त्यांची पहिली वाइन आली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण काढले आणि जो तो वाइनच्या गोष्टी करू लागला. २००६ साली दादाने थॉमसनची बाग काढून शिराझ लावली.

लावावी का, असे त्याने मला विचारले होते. "करार आहे ना? मग लाव," मी म्हणालो. माझ्या बी.कॉम.चा घराण्याला झालेला हा एकमेव उपयोग.

२००८ नंतर मंदी आली. करार करणाऱ्या वायनरीने माल उचलला नाही. थॉमसन पडून राहिले तर बाजारात नेता येते, नाहीतर बेदाणा करता येतो. वाइनचे द्राक्ष बारीक, बियांचे, जाड सालीचे. ते खायला कोण घेणार? त्याला गिऱ्हाईक एकच, आणि ते फिरले की संपले. त्या वर्षांत अनेकांनी वेली उपटल्या, दादानेही उपटल्या. कर्जाचे हप्ते मात्र मुळे धरून होते. दादा मला कधी एक शब्द बोलला नाही, हेच मला जास्त लागले.

बाटली उघडताना बुचाचा चुरा झाला. इतकी वर्षे लोखंडी कपाटात उभी, निफाडचे सगळे उन्हाळे सोसलेली. वाइनचा पार सिरका झाला होता. दादा पेल्याकडे बघत राहिला. मी भिंतीकडे.

आईने बोट बुडवून चाखले. "काहून तोंड पाडून बसला रे?" म्हणत ती उठली, कांदा उभा चिरला, मीठ टाकले आणि वरून शिराझ ओतली. जेवायला बसेपर्यंत कांदा गुलाबी झाला होता.

दादाने तीनदा मागून घेतला.

"जमते ना ठेच्याले?" आईने विचारले.

उरलेली बाटली आता आईच्या कपाटात द्राक्षासवाशेजारी उभी आहे. त्या बुडीत खात्यात आजवर झालेली वसुली एवढीच.