अनुदिनीचे साधन आणि अक्षरांचे आयुष्य

मराठीत अनुदिनी लिहू पाहणाऱ्यांपुढचा पहिला प्रश्न सजावटीचा नव्हता, लिपीचा होता. १९९०च्या दशकातील बहुतेक मराठी टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत आणि प्रत्येकाची मांडणी निराळी असे. वाचकाच्या संगणकावर नेमका तोच टंक नसला, की निबंधाऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा दिसे.

वास्तविक १९९१ मधील युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. 'दऱ्या'सारख्या शब्दांना लागणारा 'ऱ'ही होता. परंतु विंडोजमध्ये तिचा वापर २००० सालच्या आवृत्तीपासून सुकर झाला. २००३ मध्ये गूगलने ब्लॉगर विकत घेतले आणि त्याच वर्षी वर्डप्रेस आले. मराठी लेखकाला फुकट छापखानाच मिळाला म्हणायचा!

छापखाना मात्र परक्याचा होता. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज ही मोफत संकेतस्थळांची सेवा, जपान वगळता, बंद केली, तेव्हा याचा अर्थ उमगला.

म्हणून साधन निवडताना एवढेच पाहावे : मजकूर युनिकोडमध्ये आहे का, आणि तो सगळाच्या सगळा उतरवून दुसरीकडे नेता येतो का? ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्ही ही सोय देतात. शहापूर तालुक्यातल्या शेणव्यात बसून एखादा शिक्षक आसपासच्या बोलीतले शब्द नोंदवीत असेल, तर त्यांतले काही कोणत्याच कोशात सापडणार नाहीत. त्याने आपली प्रत घरी ठेवलीच पाहिजे.