भाड्याच्या संगणकाची गोष्ट

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार ठाऊक नाही असे कुटुंब मीरा-भाईंदरमध्ये क्वचितच सापडेल. स्टेशन किती लांब, भाडे किती आणि जागा सोडताना अडचण काय, हे तीन प्रश्न आपण आधीच विचारतो. आमच्या इमारतींत घरी बसून सॉफ्टवेअर लिहिणारी मुलेमुली आता संगणकही भाड्याने घेतात. ‘ॲमेझॉन घेऊ, मायक्रोसॉफ्ट की गुगल?’ असे ती मला विचारतात. मी म्हणतो, घराचेच तीन प्रश्न इथेही विचारा. भाड्याचे, सामाईक वापराचे संगणक आपल्याकडे नवे नाहीत.

1964 साली मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी 3600 हा प्रचंड संगणक आला. असे यंत्र प्रत्येकाला घेणे शक्यच नव्हते. त्यामुळे बाहेरच्या संस्थाही आपली गणिते त्यावर करून घेत. पंचकार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि छापील उत्तराची वाट पाहायची. पुढे 1972 मध्ये आयबीएमने व्हीएम/370 ही प्रणाली जाहीर केली. एकच मोठे यंत्र, पण प्रत्येकाला स्वतंत्र संगणक मिळाल्यासारखे वाटे. आजची क्लाउडमधली आभासी यंत्रे याच कल्पनेवर चालतात.

याच आयबीएमची भारतातली हकिकत लक्षात ठेवण्यासारखी आहे. कंपनी इथे 1401 सारखी यंत्रे भाड्याने देई. 1973 च्या परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे भारतीय भागीदारी स्वीकारण्यावरून सरकारशी तिचे जमले नाही आणि 1978 मध्ये तिने गाशा गुंडाळला. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने हाती घेतली, म्हणून भाडेकरू उघड्यावर पडले नाहीत.

आता आजचा बाजार पाहू. ॲमेझॉनने 2006 मध्ये आभासी यंत्रे तासाच्या दराने द्यायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुणे, मुंबई व चेन्नईत केंद्रे उघडली. ॲमेझॉन 2016 मध्ये आणि गुगल 2017 मध्ये मुंबईत आले. त्यामुळे अंतराचा प्रश्न बराच सुटला. अमेरिकेतल्या यंत्रावर काम करताना प्रत्येक अक्षर जाऊन यायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. मुंबई-पुण्यातले यंत्र जवळजवळ हाताशीच असते.

भाड्याचे गणित जरा फसवे आहे. आता हिशेब सेकंदावर होऊ शकतो, पण रात्री यंत्र बंद करायचे राहिले तर मीटर चालूच राहतो. यंत्र बंद केले तरी डिस्कचे भाडे पडतेच.

तिसरा प्रश्न जागा सोडण्याचा. 2024 मध्ये या तिन्ही कंपन्यांनी सेवा सोडून जाणाऱ्यांचे माहिती बाहेर नेण्याचे शुल्क माफ करण्याचे जाहीर केले. पण एखाद्या कंपनीच्याच खास सोयींवर सॉफ्टवेअर बेतले असेल, तर नुसती माहिती हलवून भागत नाही; कामच नव्याने लिहावे लागते.

म्हणून मुलांना माझे सांगणे इतकेच असते. सुरुवात साध्या लिनक्स यंत्राने करा, कामाची प्रत दुसरीकडे ठेवा आणि सहा महिन्यांतून एकदा तेच काम दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर उभे करून पाहा. ते जमत असेल, तर तिघांपैकी कोणाकडेही खुशाल बिऱ्हाड करा. 1978 मध्ये देखभालीला सीएमसी होती. तुमच्या वेळी कोणी असेलच असे नाही.