वाटसरूचें छप्पर

पूर्वीं मुंबईहून कोंकणांत निघालेल्या माणसाचा मुक्काम त्याचा तो ठरवीत नसे. समुद्राची भरती ठरवीत असे. पडाव भरतीबरोबर खाडींत शिरे, आणि ओहोटी लागली कीं जेथें असेल तेथें चिखलांत रुतून बसे. आज ठिकठिकाणीं जुन्या वास्तु दुरुस्त करून त्यांत पाहुण्यांना चार-दोन दिवस भाड्यानें ठेवण्याची प्रथा पडत आहे. पेण-रोह्याकडील वाड्यांना ती मानवेल काय, असा प्रश्न मनांत आला म्हणजे मला प्रथम ती भरती आठवते.

रायगड जिल्ह्यांतील, म्हणजे १९८१ पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्यांतील, पेण, नागोठणें व रोहें हीं गांवें अशा जागीं वसलीं आहेत कीं, तेथें पाण्याची वाट संपे आणि गाडीवाट सुरू होई. पेणचें बंदर अंतोरें. तेथला माल खोपोलीवरून बोरघाटाकडे जाई. नागोठण्यास अंबा नदीनें यावयाचें, रोह्यास कुंडलिकेनें. ही कुंडलिका रेवदंड्यापाशीं समुद्रास मिळते. एकोणिसाव्या शतकांत महाबळेश्वरास जाणारे मुंबईचे साहेबलोकसुद्धां बोटीनें नागोठण्यास उतरत व तेथून महाडमार्गें पुढें जात. आतां, बोट रात्रीं लागली आणि बैल सकाळीं जुंपावयाचे, तर मधली रात्र कोठें तरी काढणें प्राप्तच होतें. ह्या सक्तीच्या रात्रीपोटीं पाहुणचाराची एक सबंध व्यवस्था उभी राहिली.

तिच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. ज्याचें कोणीच नाहीं त्याला देवळाची ओवरी किंवा धर्मशाळा. सरकारी अंमलदाराला मुसाफरी बंगला. आणि ज्याच्यापाशीं कोणाची चिठ्ठी किंवा निदान ओळखीचें नांव असे, त्याला वाडा. वाड्याची रचनाच पाहुण्याची पारख करून केल्यासारखी असे. अनोळखी माणूस पडवींत पथारी टाकी, ओळखीचा ओटीवर बसे, सोयरा माजघरापर्यंत जाई. देवघर आणि स्वयंपाकघर घरच्यांचें राही. परका माणूस रात्रभर घरांत असूनहि घराचें घरपण त्यामुळें मोडत नसे.

ही व्यवस्था एका घावानें मोडली नाहीं. १८६३ मध्यें बोरघाटांतून आगगाडी धावूं लागली, तेव्हां घाटावर जाणाऱ्या मालानें नवी वाट धरली. मागाहून मोटारी आल्या. १९८६ सालीं रेल्वे रोह्यापर्यंत पोंचली आणि १९९८ मध्यें कोंकण रेल्वे पुरी होऊन गाडी रोह्यावरून थेट दक्षिणेकडे निघून जाऊं लागली. थांबण्याची गरज संपली तसा पाहुणा संपला. आणि पाहुण्यापाठोपाठ घरधनीहि निघाला. पेण तालुक्यांतील गागोदें येथें १८९५ सालीं विनोबा भावे जन्मले. रोह्यास १९२० सालीं पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख ह्यांचें बालपणहि रोह्याचेंच. पण तिघांचेंहि कार्यक्षेत्र दूर होतें. मोठ्यांची नांवें आपण सांगतों. परंतु त्याच वाटेनें गिरगांव-दादरकडे गेलेल्या असंख्य कुटुंबांचीं घरें मागें राहिलीं, त्यांचा हिशेब कोणी ठेवला आहे?

श्रोतेहो, कोंकणांतील घर म्हातारपणानें मरत नाहीं. तें एकटेपणानें मरतें. येथें वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून उन्हाळ्यांत कौलें चाळावयाचीं, फुटकीं बदलावयाचीं, वासे पाहावयाचे. ही शाकारणी एका वर्षीं चुकली तर एक कौल सरकतें. दुसऱ्या वर्षीं त्या जागीं वासा भिजतो, तिसऱ्या वर्षीं त्याला वाळवी लागते, आणि पुढें एके रात्रीं छप्पर खालीं येतें. चूल पेटत असेल तर धूर वाशांना किडीपासून कांहींसा जपतो. माणूस निजत असेल तर गळणारा थेंब त्याला जागा करतो. दारास कुलूप असलें कीं दोन्ही राखणदार गेले.

पाहुणा परत आणण्यांत अर्थ आहे तो ह्यासाठीं. इंग्लंडांत जॉन स्मिथ व त्यांच्या पत्नी ह्यांनीं १९६५ सालीं लँडमार्क ट्रस्ट नांवाची संस्था काढली. पडावयास आलेल्या वास्तु घ्यावयाच्या, जपून दुरुस्त करावयाच्या, थोड्या दिवसांच्या बोलीनें भाड्यानें द्यावयाच्या आणि त्या भाड्यावर त्यांची निगा राखावयाची, असा तिचा क्रम आहे. आज तिच्याकडे अशा सुमारें दोनशें वास्तु आहेत. आमच्याच जिल्ह्यांत माथेरानला एकोणिसाव्या शतकांतील एक बंगला नीमराणा मंडळीनें दुरुस्त करून पाहुण्यांस खुला केला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवास व न्याहारीची योजनाहि राहत्या घरांतील खोल्यांसाठींच निघाली.

मात्र दुरुस्ती म्हणजे नटवणें नव्हे. जुनी भिंत दगड, माती व चुना ह्यांची असते. ती पावसाळ्यांत ओल पिते आणि उन्हाळ्यांत टाकून देते. तिला सिमेंटचा गिलावा दिला कीं ओल आंत कोंडते आणि भिंतींत बसविलेल्या तुळईचें टोक कुजूं लागतें. पाहुण्यासाठीं न्हाणीघर हवें हें खरें. पण तें परसाकडे बांधावें, माजघर फोडून नव्हे. जातें दिवाणखान्यांत शोभेला मांडून ठेवलें आणि वर छप्पर गळतें आहे, तर त्या घराला आपण पोशाख चढविला, औषध दिलें नाहीं.

पाहुण्याकडून पैसे घ्यावयाचे, ही गोष्ट कित्येकांच्या मनास खटकते, आणि ती खटकावी हें आपल्या परंपरेचें भूषणच आहे. पण फुकट निवाऱ्याचाहि खर्च कोणी तरी सोशीतच होतें. १८६७ च्या सरायांविषयींच्या कायद्यानें सराय चालविणाऱ्यावर जीं कर्तव्यें घातलीं, त्यांत हीं दोन होतीं: भिंती, छप्परें व गटारें दुरुस्त ठेवणें, आणि दरांचा तक्ता सर्वांना दिसेल असा लावणें. ह्या दोन गोष्टी एकत्र नांदूं शकतात, हें त्या रुक्ष कायद्याला कळलें होतें. धर्मशाळेचा दाता एक असे आणि पांथस्थ अनेक. आतां तसा दाता राहिला नाहीं, तर प्रत्येक पांथस्थानें थोडथोडें दातृत्व उचलावें. अट एकच, त्याचा रुपया आधीं छपरावर चढावा आणि मग धन्याच्या खिशांत उतरावा.

मुंबईहून पेणेस आज दोन-तीन तासांत पोंचतां येतें. कोणालाहि तेथें रात्र काढण्याची गरज नाहीं. तरीहि कोणी आपण होऊन थांबला, तर सकाळीं उठल्यावर ओटीवर बसून त्यानें एकदां वर पाहावें. कौलांच्या फटींतून ऊन येत नसेल, तर आपले पैसे सत्कारणीं लागले असें त्यानें खुशाल समजावें.