नत्रनियमन, जिवाणूंमधील

वाढीसाठी लागणारे नत्र कमीत कमी ऊर्जेत मिळवण्याची जिवाणूंची यंत्रणा. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील ऊसशेतीशी तिचा थेट संबंध आहे.

हवेतील नत्राचा एक रेणू अमोनियात बदलायला नायट्रोजिनेज या विकराला एटीपी या ऊर्जावाहकाचे किमान 16 रेणू लागतात. तयार अमोनियम मिळत असताना एवढी ऊर्जा खर्च करणे जिवाणूला परवडत नाही. म्हणून पेशीतील ग्लुटामीन आणि २-ऑक्सोग्लुटारेट यांच्या प्रमाणावरून ‘पी-टू’ प्रथिने नत्राचा अंदाज घेतात. ग्लुटामीन घटले की ग्लुटामीन सिंथेटेज हे विकर सक्रिय होऊन तुटपुंजे अमोनियमही पकडते. ग्लुटामीन वाढले की ई. कोलायमध्ये या विकराच्या 12 उपघटकांना एएमपी जोडून त्याचा वेग उतरवला जातो. नत्रस्थिरीकरणाची जनुके सहसा अमोनियमच्या टंचाईतच जागी होतात. शेतात युरिया भरपूर पडून अमोनियम वाढले की नत्र स्थिर करणारे जिवाणू सुस्तावतात, ते यामुळेच.

उसाच्या आत राहणारा ग्लुकोनॲसिटोबॅक्टर डायझोट्रोफिकस मात्र वेगळा आहे. 1988 मध्ये ब्राझीलमधून त्याची नोंद झाली. तो 10 टक्के साखरेत उत्तम वाढतो आणि नायट्रेट असतानाही नत्र स्थिर करू शकतो. उसाला याहून सोयीचा सोबती सापडणे कठीण. अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ (स्थापना 1968) लागणीपूर्वी उसाचे बेणे या जिवाणूच्या (ॲसिटोबॅक्टरच्या) द्रावणात बुडवण्याची शिफारस करते. जिल्ह्याच्या प्रवरा खोऱ्यातील ऊसपट्ट्यात नत्रखताचा खर्च मोठा असल्याने ही बेणेप्रक्रिया विशेष मोलाची ठरते.