खाडा कोणी भरायचा?

२० सप्टेंबर १८९३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर पॅलेस हॉटेलात रग्बी फुटबॉल युनियनची सर्वसाधारण सभा भरली. यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी मांडलेला ठराव साधा होता. सामन्यासाठी काम सोडावं लागलं, तर बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूला मिळावी. युनियनच्या धुरिणांनी त्यावर दुरुस्ती आणली : अशी भरपाई खेळाच्या हिताला आणि वृत्तीला मारक आहे. दुरुस्तीच्या बाजूने २८२ मतं पडली, विरोधात १३६. उत्तरेकडच्या संघांत खाणकामगार आणि गिरणीकामगार होते, दक्षिणेकडच्या संघांत वकील, डॉक्टर आणि विद्यापीठांत शिकलेली मुलं. शनिवारी अर्धा दिवस काम सोडणं पहिल्यांना महाग पडे, दुसऱ्यांना त्याची झळ लागत नसे. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या २२ क्लबांनी फारकत घेतली. नव्या संघटनेने खाड्यापोटी दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत रक्कम देण्याचं मान्य केलं. १८९८ मध्ये तिने उघड मोबदल्याला परवानगी दिली, पण खेळाबाहेर नियमित कामधंदा असलेल्यालाच तो मिळेल, अशी अट घातली. उरलेल्या रग्बीने मोबदला मान्य करायला १९९५ साल उजाडलं.

बीड जिल्ह्यातल्या वाचकाला हे भांडण समजावून सांगावं लागत नाही. दिवाळीच्या आसपास उचल घेतलेली जोडपी कारखान्यांच्या वाटेला लागतात, एका जोडप्याचा एक कोयता धरला जातो, आणि खाडा पडला की मजुरी तर जातेच, वर दंडही बसतो. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली, तेव्हा हा दंड राज्यभर चर्चेत आला. ज्या घरात एका दिवसाच्या गैरहजेरीचा हिशेब असा ठेवला जातो, त्या घरातला मुलगा किंवा मुलगी दोन दिवसांच्या निवड चाचणीला जाते, तेव्हा तो खाडा कोण भरतं? बीडच्या संदर्भात हा प्रश्न रग्बीला नव्हे, कबड्डीला विचारायला हवा. म्हणून कबड्डीचे कागद मी या एका प्रश्नासाठी वाचले.

जुन्या कागदांत बीड सापडत नाही, आणि त्याचं कारण राजकीय आहे. हुतूतूला नियमांत बसवण्याचे पहिले प्रयत्न १९१८ च्या सुमारास साताऱ्याकडे झाले. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने मोठी स्पर्धा भरवली. १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियम पक्के केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. या सगळ्या काळात बीड निजामाच्या राज्यात होतं. ते सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात आलं, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९५० मध्ये कबड्डीची अखिल भारतीय संघटना झाली आणि १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हाही मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. खेळाची घटना लिहिली जात असताना हा जिल्हा त्या खोलीत नव्हता, हे पुढचं सगळं वाचताना ध्यानात ठेवायला हवं.

महाराष्ट्रातल्या कबड्डी स्पर्धांच्या पत्रकांवर ‘स्थानिक’ आणि ‘व्यावसायिक’ असे दोन गट दिसतात. व्यावसायिक गटात महिंद्रा, देना बँक, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, मध्य रेल्वे, महाराष्ट्र पोलीस अशी नावं असत. हे खेळाडू बोलीवर विकत घेतलेले नसत. खेळामुळे त्यांना नोकरी लागलेली असे. सरावाला सवलत होती, स्पर्धेला रजा होती, महिन्याला पगार होता. म्हणजे खाडा मालक भरत होता. हडर्सफील्डवाल्यांनी १८९८ मध्ये जी अट घातली, जवळपास तीच व्यवस्था मुंबईत कुठल्याही ठरावाशिवाय उभी राहिली. आपल्या खेळाच्या इतिहासातली ही फार मोलाची गोष्ट आहे, आणि तिचं श्रेय कंपन्यांच्या क्रीडा विभागांना पुरेसं दिलं गेलेलं नाही.

तिची किंमत मात्र गल्लीतल्या आणि गावातल्या मंडळाने मोजली. लालबाग-दादरच्या क्लबांनी मुलगा दहा वर्षं घडवायचा आणि ऐन भरात तो कंपनीच्या गणवेशात दिसायचा. राष्ट्रीय स्पर्धेत हाच ताण राज्याच्या पातळीवर येतो. तिथे रेल्वे आणि सेनादल हे राज्यांच्या बरोबरीने स्वतंत्र संघ म्हणून उतरतात, त्यामुळे महाराष्ट्रात घडलेला खेळाडू महाराष्ट्राविरुद्धच चढाई करतो. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असं हरवून अकरा वर्षांनी विजेतेपद आणलं, त्या आनंदामागे हा हिशेबही होता.

ग्रामीण भागात वेगळ्या प्रकारचा कागद सापडतो : जत्रेची, जयंतीची, सप्ताहाच्या सांगतेची स्पर्धा आणि तिचं पत्रक. त्यावर देणगीदारांचे फोटो, बक्षिसांच्या रकमा, वजनी गट आणि खाली बारीक अक्षरात नियम. ‘एक गाव एक संघ.’ ‘आधार कार्ड सोबत आणावे.’ इतिहासाच्या दृष्टीने पत्रकातला सर्वांत बोलका भाग हाच आहे, कारण नियम लिहावा लागतो तो मोडला जातो म्हणून. बक्षिसाची रक्कम वाढली की बाहेरगावचे तयार चढाईपटू एका दिवसापुरते गावाच्या नावावर उतरतात, आणि वर्षभर धुळीत सराव केलेला गावचा पोरगा राखीव बसतो. खाली गाव आणि वर कंपनी, दोन्हीकडे वाद एकच : घडवणारा एक आणि उतरवणारा दुसरा.

३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने या चित्रात मोठी भर घातली. गुणवत्ताधारक खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण मिळालं, आणि १ जुलै २०१६ च्या निर्णयाने त्याचे निकष नव्याने बांधले. कारखानदारी तुटपुंजी असलेल्या बीडसारख्या जिल्ह्यात व्यावसायिक संघाची जागा या आरक्षणाने घेतली. स्पर्धेचं प्रमाणपत्र हीच नोकरीची पायरी झाली, आणि प्रमाणपत्रापर्यंतची वाट जिल्हा संघटनेच्या निवडीतून जात असल्यामुळे निवड समितीच्या बैठकीला पूर्वी नव्हतं असं वजन आलं.

मग २० मे २०१४ चा लिलाव. प्रो कबड्डीच्या पहिल्या हंगामासाठी सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली : १२ लाख ८० हजार, पाटणा पायरेट्स. राकेश कुमार रेल्वेचा नोकरदार होता. लीगच्या प्रवर्तकांत आनंद महिंद्रा होते, ज्यांच्या कंपनीचं नाव मुंबईच्या व्यावसायिक गटात आधीपासून होतं. जुनी व्यवस्था मोडून नवी आली, असं अनेकदा लिहिलं जातं. कागद सांगतात की नवी जुनीच्याच खांद्यावर उभी राहिली. वेग मात्र वेगळा होता. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये ३६ लाख ४० हजारांना यू मुंबाकडे गेला आणि पुढच्याच हंगामात १ कोटी ४५ लाखांना तेलुगू टायटन्सकडे. २०२३ मध्ये पवन सेहरावतची बोली २ कोटी ६० लाखांच्या पुढे गेली. या रकमा खेळाडूच्या हातात पडतात, त्या पडायलाच हव्यात, आणि त्याबद्दल नाक मुरडणाऱ्याने १८९३ ची ती सभा आठवावी.

लिलावाच्या यादीत नाव असतं, चढाईपटू की बचावपटू ते असतं, गट आणि किंमत असते. ज्या मंडळाने त्याला उभं केलं, त्याचा त्या किमतीत वाटा नसतो. फुटबॉलमध्ये २००१ पासून करार चालू असलेल्या खेळाडूचं हस्तांतर झालं, की हस्तांतराच्या रकमेतला ५ टक्के भाग त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. आपल्या लिलावात क्लबला द्यायची रक्कमच नाही, सगळा आकडा म्हणजे मानधन. त्यामुळे घडवणाऱ्याचा खर्च कुठल्याच रकान्यात येत नाही.

निवडीवरचा ताण किती वाढला होता, हे २०१८ च्या न्यायालयीन कागदांत दिसतं. माजी खेळाडू महिपाल सिंह यांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये राष्ट्रीय महासंघावरील जनार्दनसिंह गेहलोत यांचं तहहयात अध्यक्षपद आणि त्यांच्या पत्नीचं अध्यक्षपद बेकायदा ठरवून प्रशासक नेमला. आशियाई स्पर्धेच्या निवडीत गैरप्रकार झाल्याच्या आरोपावर न्यायालयाने वेगळाच आदेश दिला : स्पर्धेनंतर, १५ सप्टेंबरला, निवडलेला संघ आणि वगळलेल्यांचा संघ यांचा सामना घ्यावा, निवृत्त न्यायमूर्तींनी तो पाहावा, चित्रीकरण व्हावं. जकार्तात पुरुष उपांत्य सामन्यात इराणकडून हरले, महिला अंतिम सामन्यात इराणकडूनच. ठरल्या दिवशी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात वगळलेले खेळाडू तयारीने हजर होते. निवडलेला संघ आलाच नाही. तीन आठवड्यांनी, ७ ऑक्टोबरला, प्रो कबड्डीचा सहावा हंगाम सुरू झाला. महासंघाचा कारभार निवडून आलेल्या मंडळाकडे परत देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला.

या निकालपत्रांत पदांच्या मुदती आहेत, वयोमर्यादा आहेत, मतदार याद्या आहेत. चाचणीला आलेल्याची बुडालेली मजुरी नाही, बसचं भाडं नाही. तो आकडा सापडला तर मंडळांच्या कीर्दवहीत सापडेल : वर्गणीची पावतीपुस्तकं, प्रवेश फीची नोंद, ‘संघ प्रवास खर्च’ म्हणून लिहिलेली ओळ, आणि त्या ओळीपुढे पैसे देणाऱ्याचं नाव. केज, धारूर, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार इथल्या मंडळांनी या वह्या रद्दीत घालू नयेत. सहा शिलिंगांच्या तोडीचा आपला आकडा अजून लिहायचा राहिला आहे, आणि तो त्याच वह्यांतून काढता येईल.