हिस्सा आणि पाळी : नंदगड भागातील ओस शेतघरांविषयी

नंदगड म्हटले की संगोळ्ळी रायण्णाचे स्मरण होते. कित्तूरच्या या वीरास इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी येथे फाशी दिले. त्याची समाधी लोकांनी भक्तिभावाने जपली आहे. शेजारच्या हलशीस कदंबांचे ताम्रपट सापडले, म्हणून राजेरजवाड्यांची दाने आपणांस कळली. सामान्य गृहस्थाचा इतिहास मात्र मातीच्या भिंतींत असतो, आणि पाऊस तो पुसून टाकतो. खानापूर तालुक्यातील ओस पडलेली शेतघरे हा असाच पुसला जाणारा इतिहास होय.

सह्याद्रीलगतच्या या मुलखात पाऊस मुसळधार. म्हणून छपराला उतार फार, आणि वळचण भिंतीपासून बरीच पुढे. पाया व जोते दगडाचे, वर मातीची जाड भिंत. पुढे सोपा, आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर, बाजूस गोठा, वर भात व गवत साठविण्याचा माळा. छपरावर पूर्वी नळीची कौले असत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यानंतर चपटी मंगळुरी कौले हळूहळू सर्वत्र पसरली.

असे घर केवळ साहित्याच्या बळावर उभे राहत नाही. चुलीचा धूर तुळया-वाशांतून फिरतो आणि कीड दूर ठेवतो. दरवर्षी मृगापूर्वी शाकारणी होते, फुटके कौल बदलले जाते. चूल विझली की वाळवी येते. एक कौल सरकले की पाणी भिंतीत मुरते, आणि काही पावसाळ्यांत भिंत बसते. घर पडते ते वयाने नव्हे, चुकलेल्या शाकारणीने.

ही शाकारणी का चुकली? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेळगावहून खानापूर-लोंढ्यावरून मुरगावकडे लोहमार्ग झाला आणि गोव्याशी चालणारा बैलगाड्यांचा व्यापार त्या वाटेने वळला. नंदगडची पेठ बाजूला राहिली. पुढे कर्नाटकाच्या भूसुधारणा कायद्यान्वये १ मार्च १९७४ पासून कुळांकडील जमिनी शासनाकडे जाऊन कसणाऱ्यांस मिळाल्या. कसणाऱ्यास न्याय मिळाला. पण जेथे मालक आधीच शहरवासी झाला होता, तेथे शेताविना शेतघर उरले. तिसरे कारण घरातलेच. पिढीगणिक हिस्सेदार वाढले. २००५ च्या दुरुस्तीने कन्येसही जन्मतः हक्क मिळाला, आणि राहत्या घराची वाटणी मागण्यास स्त्री-वारसांना असलेली आडकाठी दूर झाली. हे योग्यच झाले. हक्क सर्वांचा झाला. शाकारणी मात्र कोणाचीच राहिली नाही.

येथे आपल्या देवस्थानांकडे पाहावे. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. महाजन कुटुंबे देशोदेशी पांगली, तरी देवळे ओस पडली नाहीत. कारण तेथे महाजनांच्या हक्काबरोबर सेवाही वाटलेली असते. ज्याचे नाव महाजन म्हणून नोंदले आहे, त्याच्याकडे उत्सवाची पाळीही येते. देवळात आपण पाळी वाटली. घरात केवळ हिस्सा वाटला.

पाळी लावण्याच्या आड दोन भये येतात. दूरच्या हिस्सेदारास वाटते की दुरुस्ती करणारा घर बळकावील. दुरुस्ती करणाऱ्यास वाटते की आपला पैसा बुडेल. पहिल्या भयास कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे : एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सामान्यतः सर्वांच्या वतीने असतो, इतरांचा हक्क उघडपणे नाकारल्यावाचून तो प्रतिकूल ठरत नाही. दुसऱ्या भयावर उपाय लेखी संमतीचा. कोणत्या वर्षी कोणाची पाळी, किल्ली कोणाकडे, खर्चाचा हिशेब वाटणीच्या वेळी कसा धरावयाचा, एवढे एका कुटुंबपत्रात लिहून सर्वांनी सही करावी. त्याने कोणाचाही हिस्सा कमी होत नाही.

सर्वच घरे वाचणार नाहीत. परंतु ज्या घराचे जोते भक्कम आहे आणि ज्याच्या देवघराची दिशा अजून कोणाला तरी ठाऊक आहे, त्याच्या हिस्सेदारांनी पुढील मृगापूर्वी एकत्र बसावे. वाटणीचा दावा दहा वर्षे चालू शकतो; ओली भिंत तितकी थांबत नाही.